एका बॅकस्लॅशने गिळलेल्या तीन मेथड

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात मी लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहीत होतो. कोड लिहायच्या एडिटरला एक अ‍ॅड-इन, म्हणजे वरून बसवलेलं जादा साधन, जोडलेलं होतं. फाइलमधल्या मेथडची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची, यादी ते बाजूला दाखवतं. एका सकाळी त्या यादीतून हमाली, तोलाई आणि निव्वळ वजन अशा सलग तीन मेथड गायब! कोड जागेवर होता, त्यातून चालता प्रोग्रॅम बनवणं, म्हणजे बिल्डही, बिनबोभाट होत होतं.

अ‍ॅड-इन काढून परत टाकलं, त्याने साठवलेली तात्पुरती माहिती, म्हणजे कॅशे, पुसला. फरक शून्य. माझाच कुठेतरी कंस सुटला असणार म्हणून अर्धा दिवस कंस मोजले. शेवटी आमची ज्युनिअर म्हणाली, "सर, फाइल निम्मी निम्मी कापून बघू या का?" हे मला आधी सुचायला हवं होतं. पाचव्या-सहाव्या कापणीत एकच ओळ उरली: पट्ट्या साठवायच्या फोल्डरचा पत्ता.

तो व्हर्बेटिम स्ट्रिंगमध्ये होता. स्ट्रिंग म्हणजे कोडमध्ये अवतरणात लिहिलेला मजकूर; व्हर्बेटिम म्हणजे त्या अवतरणाआधी अ‍ॅटचं चिन्ह (@). अशा स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशला (\) काही विशेष अर्थ नसतो. आत अवतरण हवंच असेल तर ते दोनदा लिहायचं. माझा पत्ता बॅकस्लॅशने संपत होता आणि लगेच बंद करणारं अवतरण. कोडचं भाषांतर करणाऱ्या कंपायलरसाठी स्ट्रिंग तिथेच संपली. अ‍ॅड-इनने मात्र साध्या स्ट्रिंगचा नियम लावला: बॅकस्लॅशनंतरचं अवतरण आतलंच, पुढे चला. व्हर्बेटिम स्ट्रिंग अनेक ओळींची असू शकते, तेवढं त्याला बरोबर ठाऊक होतं! त्यामुळे ओळ संपली तरी ते थांबलं नाही. हमाली-तोलाईत नुसती आकडेमोड, अवतरण एकही नाही. पुढचं अवतरण थेट निव्वळ वजनात, 'किलो' शब्दापाशी. तिथवरचा सगळा मजकूर त्याने स्ट्रिंग म्हणून गिळला, आणि त्यातच त्या तिन्ही मेथडच्या सुरुवातीच्या ओळी होत्या.

खात्री करायला वीसेक ओळींची वेगळी फाइल केली. शेवटचा बॅकस्लॅश ठेवला की मेथड गायब, काढला की हजर. तीच फाइल अ‍ॅड-इन बनवणाऱ्यांना पाठवली. व्यापाऱ्याच्या कोडमधलं काही द्यायची गरजच पडली नाही. दुरुस्ती येईपर्यंत पत्त्याच्या शेवटचा बॅकस्लॅश उडवला आणि फाइलचं नाव पाथ-कम्बाइन या तयार मेथडने जोडलं. खरं तर ते आधीपासून तसंच करायला हवं होतं, पण चालतंय म्हणून कोण हात लावतो!

पुढच्या आवृत्तीत बग गेला. माझी कमेंट अजून त्या ओळीवर आहे: 'शेवटी बॅकस्लॅश घालू नये, तोलाई गायब होते.' नवीन मुलं वाचून हसतात.