फक्त डाव्या वळणावर

आमचं दुकान व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन तपासून सरळ करण्याचं. गिऱ्हाईक "गाडी बरोबर चालत नाही" म्हणालं की त्यातून काहीच कळत नाही. पण "फक्त" म्हणालं की आम्ही कान टवकारतो. गेल्या जुलैत अण्णा गाडीतून उतरले तेच म्हणाले, "मागून फेकते. फक्त डाव्या वळणाला, अन् फक्त पावसात."

अण्णा दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. गाडी साधी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. सप्तशृंग गडावरून नांदुरीकडे उतरताना मागचा भाग उजवीकडे सुटला आणि गाडी अर्धी आडवी झाली. समोरच्या एसटीवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्याच घाटातून घरची चार माणसं बसवून ते आधी उतरले होते, तेव्हा काही झालं नव्हतं. एकटे असले की फेकते. दुकानातली पोरं त्यांना हसली होती, पण मला त्यात अर्थ दिसला. मागे वजन असलं की टायर पाणी दाबून रस्त्याला टेकतो, रिकामी गाडी पाण्यावर तरंगायला बघते.

माझ्याकडे येण्याआधी मे महिन्यात पुढे दोन नवे टायर पडले होते. त्रास नेमका त्यानंतरचा, म्हणून अण्णा टायरवाल्याशी भांडून आले होते. मग एका गॅरेजने मागचे दोन्ही शॉकअप बदलले. दुसऱ्याने पुढच्या लिंक रॉड बदलल्या. मागून फेकणाऱ्या गाडीच्या पुढच्या लिंक रॉड! आपल्याकडे निदान म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने पार्ट बदलून बघणं.

रविवारी सकाळी पाऊस चालू असताना मी गाडी अंबड एमआयडीसीत काढली. सुट्टीच्या दिवशी तिथल्या आतल्या रस्त्यांवर कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. मोकळ्या जागेत ताशी तीसच्या वेगाने उजवीकडे गोल फिरवली आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडला. काही नाही. डावीकडे फिरवून सोडला तर शेपूट सुटली. पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, म्हणजे घाट उतरताना होतं तेच. पण ते दोन्ही बाजूंना सारखं व्हायला हवं. डाव्या वळणात गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. डावीकडे वळताना त्रास म्हणून आधीच्या दोघांनी डावं चाक हलवून पाहिलं होतं. बघायचं होतं उजवं मागचं.

गाडी रॅम्पवर घेतली. मागच्या जुन्या टायरवर २३१९, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. रबर नखाला कडक लागत होतं, खाच अडीच मिलिमीटर. कायद्याची मर्यादा १.६ असल्याने पास. उजव्या टायरवरून तळहात आडवा फिरवला. आतून बाहेर गुळगुळीत, उलट फिरवला की करवत. डाव्यावर तसं नाही. अलाइनमेंटचं यंत्र आता सगळं सांगतं, पण मी हात फिरवल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही. मग रिम पाहिली. तीन रिमांच्या नटाच्या भोकांभोवती गंज, उजव्या मागचीला टिकलीएवढाही नाही. म्हणजे ते चाक कुठेतरी आपटलं असणार आणि रिम बदलली असणार. अण्णांना पत्ता नाही. घरात त्या गाडीवर तिघं हात चालवतात.

चारही चाकांना यंत्राची टार्गेट, म्हणजे कोन मोजायच्या खुणेच्या पाट्या, लावल्या, गाडी पुढे-मागे लोटून रिमचा वाक हिशेबातून काढला, आणि स्क्रीनवर उजव्या मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाक सरळ रेषेपासून किती आत-बाहेर बघतं तो कोन, आला उणे ०.४२ डिग्री, लाल. चाक बाहेर बघत होतं. ऐकायला काहीच वाटत नाही, टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत साडेचार मिलिमीटरचा फरक. पण ते चाक एकटं सोडलं तर किलोमीटरभरात सात मीटर बाजूला जाईल. मागची दोन्ही चाकं जोडणारा बीम त्याला जाऊ देत नाही, म्हणून ते घासत चालतं. कोरड्या रस्त्यावर टायर सहन करतो. पावसात, डाव्या वळणात, सगळा भार त्याच चाकावर आला की ते गाडीचं बूड बाहेर खेचतं. मेपर्यंत पुढचे टायरही झिजलेले असल्याने पुढचं-मागचं साधारण सारखं घसरत होतं. पुढे नवे पडल्यावर नाक चिकटलं आणि शेपूट मोकळी राहिली. नवे टायर मागे टाकावेत हे सांगून माझा घसा बसला आहे, पण "इंजिन पुढे ओढतं ना?" यापुढे लोक ऐकत नाहीत.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. मग गाडीचा नंबर टाकला आणि जुना रिपोर्ट उघडला. एप्रिल. आमचंच दुकान. उजवं मागचं, उणे ०.४०, लाल.

या गाडीत मागचं सेटिंग होत नाही, बीम एकसंध असतो. म्हणून आमचीच नाही, बहुतेक दुकानांतली पोरं मागचे आकडे बघतच नाहीत. मागचं चाक वाकडं असलं की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं दिसतं. एप्रिलमध्ये अण्णा तीच तक्रार घेऊन आले असणार. आमच्या पोराने पुढची चाकं वळवणारे टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ केलं, पुढचे आकडे हिरवे केले, कागद दिला. गाडी जी एकच खूण दाखवत होती ती आम्ही पुसली, आणि त्याचे सहाशे रुपये घेतले. पोराला काय बोलणार? त्याला मीच शिकवलं.

स्टब ॲक्सल, म्हणजे बीमच्या टोकाचा ज्यावर चाक फिरतं तो तुकडा, वाकलेला निघाला. तो चार बोल्टवर बसतो. कुणीतरी साखळी लावून जॅकने सरळ करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. नवा बसवला, टो ०.११ आत आला. नवे टायर मागे घेतले. जुने पुढे गेले, बाकीचे दोन ऑक्टोबर छाटणीनंतर बघू, असं ठरलं.

एप्रिलचं कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात अण्णांनी डॅशबोर्डच्या खणातून घडी घातलेला कागद काढला. गडाच्या कुंकवाच्या पुडीने त्याचा एक कोपरा लाल झाला होता. नव्या कागदाशेजारी तो ठेवून त्यांनी बोट टेकवलं.

"इथं तेव्हापण लालच होतं की."

"हो अण्णा. आमच्याकडून राहिलं."

"मला वाटलं कुंकू लागलं."

मजुरी मी घेत नव्हतो, त्यांनी मोजून टेबलावर ठेवली. मग दोन्ही कागद एकत्र घडी घालून परत खणात टाकले. जुना कशाला ठेवता, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.