चौदाव्या ओळीपर्यंत

निफाड तालुक्यातल्या एका बागेतून नोव्हेंबरच्या सुरुवातीला फोन आला. "साहेब, निम्म्या प्लॉटात माल आहे, निम्म्यात नुसत्या बाळ्या. काय फवारू सांगा." बाळी म्हणजे घडाच्या जागी येणारा, आधाराला धरणारा तणावा. थॉमसन सीडलेस द्राक्षाची बाग, डॉगरिज खुंटावर (मुळांसाठीच्या वेगळ्या वेलीवर कलम केलेली), ९ बाय ५ फुटांवर, वाय आकाराच्या मांडवाची. लागवड १९९८ ची. ती लावणारे नाना, फोन आला त्याच वर्षीच्या मे महिन्यात वारले होते. फोन त्यांच्या थोरल्या नातवाचा होता. धाकट्याने तर प्लॉट काढून टाकायला जेसीबीवाल्याशी बोलणीही करून ठेवली होती, कारण बाग म्हातारी झाली असं गावात सगळे म्हणत होते.

घड निघाले नाहीत ही तक्रार द्राक्षसल्ल्याच्या कामात दरवर्षी येते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, घड दिसतो, म्हणून शेतकरी दोष ऑक्टोबरला देतो. पण घड तयार होतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, साधारण चाळीस ते साठ दिवसांत, काडीच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, आत. त्या दिवसांत डोळ्यावर ऊन पडलं नाही, पाणी आणि नत्र जास्त झालं, काडी नुसती पळत राहिली, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी बसते. ऑक्टोबरमध्ये कोणतंही औषध मारून ती बाळी पुन्हा घड होत नाही.

प्लॉट पाहिला. पहिल्या ओळीपासून चौदाव्या ओळीपर्यंत वेलीवर तीस-पस्तीस घड, एकसारखे, फुलोऱ्याच्या आधीच्या अवस्थेत. पंधराव्या ओळीपासून शेवटपर्यंत फूट जोरात, पानं मोठी, आणि घडाच्या जागी बाळ्या. कुठे घड दिसलाच तर गोळी घड, म्हणजे गोळ्यासारखा अर्धवट घड, तोही जिरून बाळी होण्याच्या वाटेवर. जमीन तीच, ड्रिपचा व्हॉल्व्ह एकच, छाटणीची तारीख ८ ऑक्टोबर सगळीकडे. रोग असा ओळ मोजून थांबत नाही. जमिनीचा दोष असता तर तो बांधाच्या कडेने किंवा उताराने गेला असता. बाग म्हातारी असती तर पुढच्या चौदा ओळीही म्हाताऱ्याच होत्या.

मग काड्या हातात घेऊन पाहिल्या. पुढच्या ओळींतल्या प्रत्येक काडीवर सबकेनची गाठ होती. मागच्या ओळींतल्या काड्या सरळ, गाठच नाही.

सबकेन म्हणजे काय, ते बागायतदाराला सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. खरड छाटणीनंतरची फूट नऊ पानांची झाली की सातव्या पानावर शेंडा मारायचा. वरच्या डोळ्यातून बगलफूट निघते, ती पुढची काडी होते आणि जोडावर गाठ राहते. शेंडा मारल्याने वाढीचा जोर मोडतो, अन्न गाठीजवळच्या डोळ्यांत साठतं, आणि घड तिथेच धरतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये गाठीच्या पुढे एक डोळा ठेवून कात्री लावतात. सरळ काडीत मात्र थॉमसनचा घड सहाव्या ते आठव्या डोळ्यावर असतो, खालचे डोळे बहुतेक वांझ. तिथे आखूड छाटलं की घड कात्रीबरोबर खाली पडतो.

आजी ओट्यावर बसल्या होत्या. शेंडे कोणी मारले, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हेच बायांबरोबर होते. चौदावी ओळ झाली, छातीत कळ आली म्हणून घरी आले. मग गेलेच नाहीत परत."

त्यानंतर घरात दहावा, तेरावा, पाहुणे. बागेत जायला कोणाचं मन नव्हतं आणि ड्रिपचा टायमर नानांनी फुटीसाठी लावलेल्या पाण्यावर तसाच चालू राहिला. नाना असते तर चाळिसाव्या दिवसापासून त्यांनी पाणी निम्म्यावर आणलं असतं, जास्तीच्या फुटी काढून ओलांड्यावर (खोडाच्या आडव्या फांदीवर) ऊन पाडलं असतं. दोन आठवड्यांत मागच्या ओळींचा मांडव झाकून गेला. पुढच्या चौदा ओळींनाही तेवढंच पाणी गेलं, पण शेंडा बसलेला असल्याने वाढीचा जोर आधीच मोडला होता. शिवाय सप्टेंबरमध्ये डोळे तपासणी झाली नाही. नाना दरवर्षी प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतल्या काड्या तोडून प्रयोगशाळेत न्यायचे. तिथे डोळा पात्याने चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहतात. तो अहवाल हातात असता तर मागच्या ओळी लांब छाटल्या गेल्या असत्या आणि थोडा तरी माल हाती लागला असता. छाटणीच्या टोळीने सवयीप्रमाणे सगळीकडे आखूड कात्री लावली. त्यांचा दोष नाही, त्यांना सांगणारं माणूसच नव्हतं.

आजींनी नानांच्या डायऱ्या बाहेर काढून दिल्या. तीन प्लॉट, तिघांच्या छाटणीच्या तारखा मुद्दाम वेगळ्या: पहिला सप्टेंबरच्या मध्याला, दुसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तिसरा ऑक्टोबर संपता संपता. प्रत्येकासमोर एकच शब्द. पहिल्यासमोर "सोसायटी", दुसऱ्यासमोर "घर", तिसऱ्यासमोर "पोरी". छाटणीपासून तोडणीपर्यंत थॉमसनला १२० ते १३५ दिवस धरले तर हिशोब लगेच लागतो. पहिल्या प्लॉटचा पैसा जानेवारीच्या शेवटी येतो आणि ३१ मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज फिटतं. दुसऱ्यावर वर्षाचं किराणा, खत, मजुरी. तिसऱ्याचा माल मार्चमध्ये निघतो आणि वैशाखातली लग्नं त्याच्यावर होतात.

या मांडणीला दुसरंही कारण होतं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ किनाऱ्याला लागलं आणि नाशिकच्या बागा पावसात सापडल्या. फुलोऱ्याआधीच्या घडावर केवडा हा बुरशीचा रोग बसला की दोन-तीन दिवसांत घड तपकिरी होऊन वाळतो, वरून कितीही औषध मारा. डायरीत त्या वर्षीच्या दुसऱ्या प्लॉटसमोर "गेला" एवढंच लिहिलंय. तिसरा नुकता फुटत होता, त्यात घड उघडे पडलेच नव्हते, तो वाचला. त्या वर्षी या नातवांच्या दोन आत्यांपैकी धाकटीचं लग्न ठरल्या तारखेला झालं. आज बरेच जण एकाच आठवड्यात सगळी बाग छाटून मोकळे होतात, कारण टोळी एकदाच मिळते. मजुरांची अडचण खरी आहे, पण एका पावसात सगळं घर बसतं हेही तितकंच खरं आहे. नानांची पद्धत मी इतर बागायतदारांनाही सांगतो.

डायरीत मजुरांचा हिशोब घरच्यांच्या हिशोबाच्या आधी. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीची उचल, धान्य, लहान पोरांसाठी दूध. पेस्टिंगच्या दिवसासमोर लाल शाईने लिहिलेलं: "हातमोजे. दारू बंद, आधी पण, नंतर पण." डोळे फुटायला काडीवर लावतात ते हायड्रोजन सायनामाइड, लिटरला ३० ते ४० मिली, काडीच्या जाडीप्रमाणे. ते अंगाला लागलेलं असताना माणसाने दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, जीवावर बेतू शकतं. बहुतेक बागांत हे कोणी मजुराला सांगत नाही. नाना पेस्टिंगच्या दिवसांत टोळीला रात्रीचं जेवण घरी घालायचे, म्हणजे कोणी गुत्त्यावर जाणार नाही.

प्लॉट काढायची गरज नव्हती. खोडं चांगली, साल तपासली, ओलांडे भरलेले. जेसीबी रद्द केला. पुढच्या चौदा ओळींवर वेलीला तीस घड ठेवून बाकीचे काढायला सांगितले, कारण ४५ चौरस फुटांच्या वेलीला दीड चौरस फुटाला एक घड एवढंच पेलतं. मागच्या ओळींत जीएचा (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचा) आणि विरळणीचा खर्च करायचा नाही. पण पानं मात्र केवड्यापासून जपायची, कारण एप्रिलची फूट खोडात साठलेल्या अन्नावर येते. माल नसल्याने घडावर डाग पडायची भीती नाही, तेव्हा पानं पक्की झाल्यावर तिथे बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, चालतं.

बोर्डोची नानांची पद्धत आजींनाच पाठ होती. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाण्यात रात्रभर. लोखंडी भांडं नाही, तांबं त्याला चिकटतं. १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ड्रममध्ये विरवून, गाळून, ५० लिटर. गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्यात, ढवळत ढवळत. मग ड्रमला सुतळीने बांधलेला घासलेला विळा मिश्रणात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आंबट, पान जळणार, चुन्याची निवळी वाढवायची. पातं स्वच्छ राहिलं की पंपात भरायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. तो विळा अजून ड्रमलाच होता. पातं इतकं झिजलेलं की गवत कापायला ते कधीच वापरलं नसणार.

तिसरा प्लॉट शेवटी पाहिला. त्याची खरड छाटणी एप्रिलअखेरची, म्हणजे शेंडा मारायची वेळ जूनच्या सुरुवातीला आली होती. तोवर तेरावा उरकला होता आणि आजी स्वतः सुनांना घेऊन बागेत गेल्या होत्या. सगळ्या काड्यांवर गाठी होत्या. २८ ऑक्टोबरला छाटलेला, डोळे नुकते कापसलेले, म्हणजे फुगून कापसासारखे दिसणारे. नातीचं लग्न वैशाखात धरलंय. पोंग्यात (डोळ्यातून निघणाऱ्या कोवळ्या फुटीत) घड दिसायला अजून पाच-सहा दिवस होते. तोवरच्या फवारण्या आणि पाणी लिहून दिलं, आणि पोंगा उघडल्यावर फोन करायला सांगितलं.