विकलेल्या गाडीची चलानं माझ्या नावावर: माझा अनुभव

गाडी विकून सव्वा वर्ष उलटलं होतं. जून 2024 मध्ये एका दुपारी मोबाइलवर मेसेज आला: नो पार्किंग, दंड 500 रुपये. खाली आमच्या जुन्या वॅगनआरचा नंबर. आधी वाटलं, फसवणुकीचा मेसेज असणार. म्हणून त्यातल्या लिंकला हात लावला नाही, राज्य पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर स्वतः जाऊन पाहिलं. तिथे गाडीच्या नंबरासोबत चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. आरसीची झेरॉक्स घरात होती म्हणून निभावलं. गाडी देताना तुम्हीही ती काढून ठेवा.

चलान खरं होतं. सोबत फोटोही होता. पनवेल स्टेशनजवळच्या रस्त्याच्या कडेला आमची पांढरी गाडी, आणि मागच्या काचेच्या कोपऱ्यात लेकीने पहिलीत असताना चिकटवलेलं निळं फुलपाखरू. पोटात गोळाच आला.

ऑगस्टपर्यंत अशी सात चलानं झाली. पहिलं 500 चं, पुढची प्रत्येकी 1500 ची. एकूण 9,500 रुपये.

चूक कुठे झाली ते लगेच कळलं. फेब्रुवारी 2023 मध्ये गाडी एका एजंटला दिली. चेक त्याच दिवशी मिळाला. त्याने टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठीचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म पुढे केले, मी सह्या केल्या. खरेदीदाराचं नाव कोरं, तारीखही कोरी. "दोन महिन्यांत नाव चढेल, मॅडम," असं तो म्हणाला आणि मी पुन्हा कधी तपासलं नाही. आता फोन केला तर नंबर बंद. गाळ्यावर जाऊन आले, तिथे फर्निचरचं दुकान.

खरा जीव गेला तो खिडक्यांवर. वाहतूक शाखेतल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे मालक म्हणून तुमचंच नाव दिसतंय. आरटीओत जा." आरटीओत गेले तर, "ट्रान्सफरचा अर्ज खरेदीदार करतो. त्याला घेऊन या." तो कोण हेच मला माहीत नाही म्हटलं, तर "मग एजंटला आणा." आणि वर, "चलानं बाकी आहेत तोवर नाव बदलणार नाही, आधी ती भरा." म्हणजे जी गाडी माझ्याकडे नाही तिचा दंड मी भरायचा, तरीही नाव माझंच राहणार, आणि पुढच्या आठवड्यात आठवं चलान येणार! चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा. तिसऱ्या खेपेला जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. माझा नंबर आला तेव्हा समोरच्यांनी फाइल उघडली, पहिला कागद पाहिला आणि फाइल परत माझ्याकडे सरकवली. गाडी एजंटच्या ताब्यात दिल्याची पावती, म्हणजे ताबा पावती, आत तिसऱ्या नंबरवर होती. तिथवर कुणी पोचलंच नाही. त्या दिवशी जिन्यात उभी राहून मी रडले.

वाहतूक पोलिसांच्या ॲपवरून तक्रारही केली होती. उत्तर एका ओळीचं: नोंदणीकृत मालक जबाबदार.

मग रात्री बसून मोटार वाहन कायदाच वाचून काढला. कलम 50. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला तसं कळवायचं, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. म्हणजे कळवण्याचं काम माझंही होतं. एवढी साधी गोष्ट चार खेपांत एकाही खिडकीवर कुणी सांगितली नाही, हा राग अजून गेलेला नाही. पाचव्या खेपेला खिडकीवर गेलेच नाही. अर्ज, ताबा पावती आणि चेक जमा झाल्याचं बँकेचं पान घेऊन थेट आवक विभागात गेले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. जांभळ्या शाईचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख. दीड वर्ष उशिराने का होईना, मी कळवलंय याचा कागद हातात आला. अर्ज द्यायचाच असेल तर खिडकीवर वाद घालत बसू नका, आवकमध्ये द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

घरचे म्हणत होते, भरून टाक आणि मोकळी हो. पण दंड भरून नाव सुटत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच एक गाडी होती. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकत गेलेली, पण नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या माणसावर आली. हे वाचल्यापासून मला झोप नव्हती. उद्या त्या वॅगनआरखाली कुणी आलं तर?

फास्टॅग तेवढा मी विकल्याच्या दिवशीच बँकेला सांगून बंद केला होता. तुम्हीही करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील.

वाट सापडली ती चलानांच्या फोटोंतच. सातही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पाचांत गाडीमागे तीच हिरवी पाटी, मेडिकलची. एका रविवारी मी आणि हे पहाटेच्या एसटीने पनवेलला गेलो. स्टेशनबाहेरून चालत निघालो आणि वीसेक मिनिटांत पाटी दिसली. गाडी तिथेच उभी होती, फुलपाखरासकट. मेडिकलशेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान, गाडी तिथल्या मुलाची. त्याने ती दुसऱ्याच कुणाकडून घेतली होती. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण तो आधी घाबरला आणि मग म्हणाला, "काकू, नाव एजंटने केलंय असंच मला सांगितलं होतं. मला तर एकही मेसेज येत नाही." येणार कसा? मोबाइल नंबर माझा होता.

त्याने माझ्यासमोर सातही चलानं ऑनलाइन भरली. मी नवीन 29 आणि 30 वर, एनओसीच्या, म्हणजे ना-हरकत दाखल्याच्या 28 नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या. या वेळी नाव, पत्ता, तारीख सगळं भरून झाल्यावर. नवी ताबा पावती केली, तिच्यावर तारखेबरोबर वेळही घातली, त्याच्या आधारची सही केलेली प्रत घेतली आणि गाडीबरोबर दोघांचा फोटो काढला. पुढची कागदपत्रं पाच आठवड्यांत मार्गी लागली.

एक सांगायचं राहिलं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नवा नियम आहे. आरटीओची मान्यता असलेल्या डीलरला गाडी दिली तर ती दिल्याची सूचना 29-सी फॉर्मने ऑनलाइन जाते, आणि पुढची जबाबदारी त्या डीलरवर येते. आम्ही विकली ती दोन महिने आधी. आता विकणार असाल तर डीलरकडे आधी ते मान्यतापत्र मागा. नसेल तर 29 ची एक प्रत स्वतः आरटीओत देऊन या.

पनवेलहून आल्यापासून महिनाभर मी रोज सकाळी चहाच्या आधी एम-परिवहन, म्हणजे गाडीची नोंद दाखवणारं सरकारी ॲप, उघडत होते. एका बुधवारी मालकाच्या रकान्यात माझ्या नावाऐवजी दुसरीच दोन अक्षरं दिसली, पुढे सगळे तारे. यांना हाक मारली आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.