रांगोळीतले चेहरे

लक्ष्मीपूजन आटोपलं की संध्याकाळी पाय आपोआप शाळेच्या हॉलकडे वळायचे. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सगळे पंखे बंद, माणसं घामाघूम, आणि दोरीच्या पलीकडे जमिनीवर ओळखीचे चेहरे. गिरगाव असो, लालबाग असो की डोंबिवली, मंडळाच्या रांगोळी प्रदर्शनात एक स्वयंसेवक हमखास ओरडत असायचा, "काकू, पदर सांभाळा!" त्याचं ओरडणं रास्तच. पदराचं टोक नुसतं घासलं तरी तीन रात्रींची मेहनत पुसली जाते.

त्या वर्षी कोण गाजलं, कोण गेलं, हे जमिनीकडे बघून कळायचं. २०१३ला निवृत्त होणारा सचिन, २०२२ला लतादीदी, २०२४ला पॅरिसहून नेमबाजीचं कांस्यपदक आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. गुणवंत मांजरेकरांसारख्या रंगावलीकारांनी दारातल्या ठिपक्यांची ही कला व्यक्तिचित्रापर्यंत नेली, आणि मंडळामंडळांतली पोरं त्या वाटेने गेली.

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधीचा हॉल जास्त बघण्यासारखा. गेरूने सारवल्यासारखी एकसारखी रंगवलेली जमीन पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर खालून ओल चढते आणि रंगाचे डाग दिसू लागतात. फोटो ८ बाय १० इंचांचा, त्यावर एकेका इंचाचे चौकोन. जमिनीवर ४ बाय ५ फुटांची चौकट आखून सहा-सहा इंचांचे तेवढेच ८० चौकोन, खडूच्या पुडीत घोळलेला दोरा ताणून टिचकी मारून उठवलेले. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखेच भरले पाहिजेत, साधारण ६ फूट ५ इंच. इथे अर्ध्या इंचाची चूक झाली तर पुढे जबडा एका बाजूला कलतो आणि कितीही छटा भरल्या तरी माणूस तो वाटत नाही.

एवढ्या चित्राला पाचेक किलो रांगोळी लागते. रंग म्हणजे लेक कलर, रांगोळीत मिसळायची बारीक रंगपूड. तो फार जहाल, म्हणून पांढऱ्या रांगोळीत थोडा थोडा घालत, हाताने चोळत न्यायचा. त्वचेसाठी सहा-सात छटा, आणि प्रत्येक छटा सगळ्या चेहऱ्याला पुरेल एवढी आधीच करून डब्यात भरून ठेवायची. अर्ध्या गालावर डबा रिकामा झाला की पुन्हा केलेली छटा पहिलीशी जुळत नाही, आणि तो सांधा दाराशी उभं राहूनही दिसतो. दुसरी नेहमीची चूक काळ्याची. सावली काळ्याने केली की चेहरा राखेसारखा निर्जीव होतो, तपकिरीत किंचित लाल किंवा जांभळा घालून केली तर त्याखाली रक्त वाहतंय असं वाटतं.

भरायला सुरुवात कपाळाकडून, मग खाली सरकत यायचं. मधे हात पोचावा म्हणून दोन विटांवर आडवी फळी. मोठा भाग चहाच्या गाळणीतून भुरभुरवायचा, पापणी, ओठांची कड मात्र चिमटीतूनच. डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. चिमटीतून मोजके कण सुटतात आणि एवढा वेळ छताकडे बघणारा चेहरा एकदम आपल्याकडे बघू लागतो.

लतादीदींची पांढरी साडी नवख्यांना हमखास फसवायची. पांढरी म्हणून पांढरीच भरली की कागद चिकटवल्यासारखी सपाट दिसते. खरी साडी फिकट राखाडी, निळसर आणि मलई रंगातून घडते, शुद्ध पांढरा फक्त चुण्यांच्या माथ्यावर. सचिनच्या हेल्मेटची जाळी सोपी, पण जाळीची गालावर पडलेली सावली गालाच्या वळणाने वाकवावी लागते, तिथे बहुतेकांची घाई नडते. १९५२च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांचे फोटो कृष्णधवल. ते राखाडीतच काढावेत, अंदाजाने रंगवलेले खाशाबा परके वाटतात.

अपघात ठरलेले. कपाळावर रुमाल बांधूनही घामाचा थेंब पडतोच आणि गालावर खड्डा होतो. तो चोळायचा नाही. वाळू द्यायचा, पोस्टकार्डाच्या कोपऱ्याने खडा अलगद उचलायचा आणि त्याच डब्यातली छटा वरून सोडायची. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला तर लेक कलरच्या गुठळ्या होतात, मग रंग दिव्याखाली पसरून वाळवून पुन्हा चाळणं आलं. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली त्वचा निळसर दिसते, म्हणून ज्या दिव्याखाली लोक बघणार त्याच दिव्याखाली छटा ठरवायच्या. आणि बघणारा समोरून, तिरका बघतो, त्यामुळे चेहरा आखूड भासतो. जाणती मंडळी पायथ्याशी उभी राहून मोबाइलमधून पुन्हा पुन्हा तपासतात, काही जण आखतानाच चौकोन किंचित लांबट घेतात.

भाऊबीजेच्या रात्री दोऱ्या सोडल्या जायच्या. मोडायची सुरुवात मंडळातल्या लहान पोरांच्या हातून, कोरड्या झाडूने. पाणी आधी ओतायचं नाही, लेक कलर लादीत मुरतो. झाडूच्या दोन फटक्यांत सगळे रंग मिसळून एकच मातकट जांभळा होतो, सुपल्याने पोत्यात भरला जातो. मग ओलं फडकं, एकदा, दोनदा, तीनदा. तरी सुट्टीनंतर शाळा भरते तेव्हा लाद्यांच्या एखाद्या सांध्यात ओठांची गुलाबी रेघ राहिलेली असते.