किमान आवृत्ती कोण ठरवते?

आपल्या लायब्ररीला (इतरांनी वापरायच्या तयार कोडला) पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची किमान कोणती आवृत्ती लागेल, हे आपण ठरवतो असे वाटते. प्रत्यक्षात ते तिच्या अवलंबित्वांमधले, म्हणजे ती ज्या बाहेरच्या पॅकेजेसवर विसंबते त्यांतले, सर्वांत हट्टी पॅकेज ठरवते. आपला कोड ३.६ वर बिनतक्रार चालत असला, तरी एकाच पॅकेजने ३.९ ची अट घातली की आपणही तिथेच अडकतो. ३.६ चा अधिकृत आधार डिसेंबर २०२१ मध्ये संपला हे खरे. पण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चे मूळ पायथॉन तेच आहे, आणि तसा सर्व्हर वापरणाऱ्याच्या हातात अपग्रेडचा निर्णय क्वचितच असतो.

म्हणून मी प्रत्येक इम्पोर्टकडे, म्हणजे कोडमध्ये ओढून घेतलेल्या प्रत्येक बाहेरच्या पॅकेजकडे, संशयाने पाहतो. कमांड लाइनवरचे दोन-तीन पर्याय वाचायला पायथॉनसोबतच येणारे आर्गपार्स पुरते. एखादी साधी एचटीटीपी (वेब) विनंती तसेच सोबत येणाऱ्या यूआरएललिबनेही करता येते. फक्त टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) आठवणीने द्यावा लागतो, आणि ४०४ (पान सापडले नाही) सारखे उत्तर आले की ते थेट एक्सेप्शन, म्हणजे हाताळावी लागणारी त्रुटी, फेकते, त्यामुळे तो कोड जरा ओबडधोबड दिसतो. दिसू द्यावा. डेटाक्लासेस (माहिती साठवणारे क्लास थोडक्यात लिहिण्याची सोय) ३.७ मध्ये आले, पण दोन फील्डच्या क्लाससाठी त्यांचा बॅकपोर्ट (जुन्या आवृत्तीसाठीचे वेगळे पॅकेज) ओढून आणण्यात मला अर्थ दिसत नाही. क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याचा कोड) स्वतः लिहिण्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिथे घरचा कोड म्हणजे विकतचे दुखणे.

इतके झाल्यावर लायब्ररीच्या मेटाडेटात (तिच्या माहितीच्या नोंदीत) लिहिलेली पायथॉनची किमान आवृत्ती खाली आणावी आणि चाचण्या खरोखरच ३.६ वर चालवाव्यात, कारण ३.८ मध्ये आलेला वॉलरस ऑपरेटर (:= हे चिन्ह) कुठे चुकून राहिला असेल, तर ते मॉड्यूल इम्पोर्ट होतानाच सिंटॅक्स एरर देते.