पाचपैकी चार

एप्रिलमधल्या अवकाळी पावसात बाणस्तारीच्या पुलाजवळ स्कूटर घसरली आणि उजवं कोपर मोडलं. प्लास्टर, मग व्यायाम, यात तीन महिने गेले. दर खेपेला डॉक्टर मनगट धरून म्हणायचे, "वाकवा, मी अडवतो." वाकवलं की कागदावर लिहायचे, 5 पैकी 4. या मोजणीत 3 म्हणजे हात स्वतःचं वजन पेलत वर येतो, 5 म्हणजे पुरती ताकद. मधल्या चारात मात्र अख्खा डिचोली तालुका मावेल! घरी भरलेली कळशी उचलताना माझा हात थरथरायचा.

शेवटी पणजीतल्या एका केंद्रात संगणकाला जोडलेल्या मशिनवर ताकद मोजून घेतली. खुर्चीत बसवून छातीवरून पट्टे आवळले, कोपराचं बाहेरचं हाड मशिनच्या आसासमोर आणलं. त्यातच दहा मिनिटं गेली, कारण आस हलला की आकडा चुकतो. मग हात सैल सोडायला लावून नुसत्या हाताचं वजन घेतलं. ते पुढे हिशेबात धरतात.

हाताने धरून ओढायच्या मशिनच्या दांड्याचा वेग सेकंदाला 60 अंशांवर बांधलेला. कितीही जोर लावा, तो त्याहून जोरात पळत नाही; जेवढं ओढाल तेवढंच अडवतो. डंबेलसारखा हिसका मारून वेळ मारून नेता येत नाही. दर खेपेला पडद्यावर जोराच्या आलेखाचा एक डोंगर उमटायचा.

पाच डोंगर झाले, पाचही वेगळ्या उंचीचे. फिजिओ मुलगी म्हणाली, "बाब, राखून ओढताय." खरंच राखत होतो, पुन्हा मोडेल या भीतीने. पुरत्या जोराने ओढलं की डोंगर एकावर एक बसतात, म्हणे. विसावा घेऊन परत ओढलं, आणि ते बसले. डावा 46 न्यूटन-मीटर (हे वळवण्याच्या जोराचं माप), उजवा 31. जवळजवळ तिसरा हिस्सा गायब! उजव्याच्या डोंगराला मधेच खड्डाही होता, हात काटकोनात येतो तिथे. दुखायचं नेमकं तिथेच.

तो कागद मी बायकोला दाखवला. तिला वाटायचं, मी कामं टाळतोय. (राखून ओढल्याचं तिला सांगितलं नाही.)

त्या कोनावर भर देऊन आठ आठवडे व्यायाम केला. उजवा 40 वर आला. चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीचे, सुपारीचे घड मी बांधले, नारळ मात्र भाच्याने चढवले.