गरुड तेजोमेघ : हिरव्या चॅनेलचा प्रश्न

नाशिकला पावसाळा सुरू झाल्यापासून गच्चीवरची दुर्बीण झाकून ठेवलेली आहे. त्यामुळे हबल अवकाश दुर्बिणीच्या सार्वजनिक संग्रहातून उतरवलेल्या गरुड तेजोमेघाच्या, म्हणजे एम 16 च्या, फिट्स फायलींवर (खगोलीय प्रतिमांचा मूळ डेटा साठवणाऱ्या फायलींवर) मी सध्या काम करत आहे. वाइड फील्ड कॅमेरा 3 ने 2014 मध्ये टिपलेले हे तेच प्रसिद्ध ‘निर्मितीचे स्तंभ’, म्हणजे वायू आणि धुळीचे उंच खांब आहेत.

गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या प्रकाशाची प्रत्येकी एक, अशा तिन्ही फ्रेम मुळात कृष्णधवल आहेत. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देण्याची रीत 1995 मध्ये जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या खगोलशास्त्रज्ञांनी हबलने घेतलेल्या छायाचित्रामुळे घरोघरी पोहोचली. ती लहरीने ठरवलेली नाही, कारण सुमारे 673, 656 आणि 501 नॅनोमीटर हा तरंगलांबीचा उतरता क्रम तिच्यात जसाच्या तसा राखलेला आहे. ‘हे खरे रंग आहेत का?’ असे आईने विचारले, तेव्हा गंधक आणि हायड्रोजन या दोघांचाही प्रकाश डोळ्याला लालच दिसतो आणि खऱ्या रंगांत ते एकमेकांत मिसळून जातात, हे मी तिला दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून दाखवले.

या आठवड्याचा बहुतेक वेळ हिरव्या चॅनेलने, म्हणजे हायड्रोजनच्या फ्रेमने घेतला. हायड्रोजनचा प्रकाश इतर दोघांपेक्षा पुष्कळ तीव्र असल्याने पहिल्या स्ट्रेचनंतर (अंधूक भाग दिसावा म्हणून उजळपणा ताणल्यावर) सगळे चित्र हिरवे झाले. सिरिल या खगोलछायाचित्रे संस्कारित करण्याच्या सॉफ्टवेअरमधील हिरवा नॉइज (नको असलेली हिरवी झाक) काढण्याचे साधन मी पूर्ण क्षमतेने वापरले आणि स्तंभ लगेच सोनेरी दिसू लागले. परंतु हे साधन हिरव्याचे मूल्य लाल व निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ देत नाही, म्हणजे जिथे हायड्रोजन सर्वांत प्रबळ आहे तिथलीच नोंद ते कापून टाकते. साध्या रंगीत छायाचित्रात जास्तीचा हिरवा हा बहुधा दोष असतो, इथे मात्र ते मोजमाप आहे. म्हणून ती पायरी मी रद्द केली, तिन्ही चॅनेल स्वतंत्रपणे स्ट्रेच केले आणि गिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त पिवळट हिरव्याची छटा सोनेरीकडे वळवली. स्तंभांच्या कडांवरून बाष्पीभवन होऊन सुटणारा वायू आता पार्श्वभूमीपासून वेगळा दिसतो, आणि मला ही आवृत्ती अधिक प्रामाणिक वाटते.

ताऱ्यांभोवतीची जांभळट कडा मास्क लावून, म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून, फिकी केली आहे. ऑक्सिजनच्या फ्रेममधील नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, अजून शिल्लक आहे. पुढच्या आठवड्यात तो कमी करून, वापरलेल्या प्रत्येक पायरीची नोंद चित्रासोबतच ठेवणार आहे.